कँटनचा अडत्या आणि वीस हजार पेट्या अफू

अनारसे थापताना खाली जी खसखस पसरतात, ती अफूच्या बोंडातली. खसखस म्हणजे अफूचंच बी. त्याने नशा चढत नाही, त्यामुळे दिवाळीला काळजीचं कारण नाही. नशा असते ती कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर झिरपणाऱ्या चिकात. ऊन उतरल्यावर बोंडांना चिरे द्यायचे, रात्रभर पांढरा चीक बाहेर येऊन तपकिरी पडतो, सकाळी तो खरवडून गोळा करायचा. माळव्यातले शेतकरी हा चीक अळशीच्या तेलात ठेवत, म्हणजे तो वाळून जात नसे. पुढे तेल निथळवून, मळून त्याच्या वड्या करत आणि त्या पेट्यांत भरत. एक पेटी साधारण साठ-पासष्ट किलोंची.

१८३९ च्या वसंतात चीनमधल्या एका सरकारी अधिकाऱ्याने अशा २०,२८३ पेट्या इंग्रज व्यापाऱ्यांकडून काढून घेतल्या. काही पेट्या माळव्याच्या, काही पाटणा-बनारसच्या. त्यातून युद्ध पेटलं, ते शाळेत 'पहिलं अफूयुद्ध' म्हणून तीन ओळींत उरकलेलं असतं: इंग्रज अफू विकत होते, चीनने अडवलं, चीन हरला आणि हाँगकाँग गेलं. ओळी खऱ्याच आहेत. पण त्या वाचून एक साधा प्रश्न मनात राहतो. जो माल देशात आणायलाच बंदी होती, तो वर्षाला हजारो पेट्यांनी विकणारी माणसं त्याच देशात राजरोस पेढी थाटून कशी बसली होती? आणि तरीही स्वतःला अब्रूदार व्यापारी कशी म्हणवत होती?

या प्रश्नाचं उत्तर मोठ्या सेनापतींच्या किंवा मंत्र्यांच्या चरित्रात सापडत नाही. त्यासाठी लॅन्सलॉट डेंट नावाच्या एका अडत्याकडे जावं लागतं. त्याला अटक करायची म्हणून चिनी सरकार अडून बसलं आणि तिथून सगळं बिनसलं.

सार्डिनियाचा वकील

डेंटचा जन्म १७९९ चा, इंग्लंडच्या वायव्येकडच्या वेस्टमोरलंड परगण्यातला. डोंगराळ मुलूख, मेंढरं, दगडी गडग्यांची शेतं. मॉल्ड्स मीबर्न या खेड्याच्या आसपासचं हे घराणं. तिथून चीनपर्यंत पोचायला घरातल्या एकाने आधी वाट पाडावी लागते. ती पाडली थोरल्या भावाने, टॉमस डेंटने.

टॉमस १८२३ मध्ये कँटनला आला. कँटन म्हणजे आजचं ग्वांगझू. आला तो इंग्रज व्यापारी म्हणून नव्हे, तर सार्डिनियाच्या राजाचा वकील म्हणून. इटलीतल्या त्या छोट्या राज्याचं एखादं जहाज कँटनला दिसलं असतं तर लोक बघायला बंदरावर जमले असते, इतका त्यांचा चीनशी संबंध! मग हा वकील तिथे कशाला? कारण चीनशी व्यापार करायचा मक्ता ब्रिटिश सरकारने ईस्ट इंडिया कंपनीला दिला होता. कंपनीच्या परवानगीशिवाय कुठल्याही इंग्रजाने कँटनमध्ये मुक्काम ठोकायचा नाही, ठोकला तर कंपनी त्याला हाकलू शके. पण परक्या राजाच्या वकिलाला हाकलणार कसं? तेव्हा कुणी सार्डिनियाचा झाला, जेम्स मॅथेसन हा स्कॉटिश गृहस्थ डेन्मार्कचा झाला, मॅग्नियाक घराणं प्रशियाचं झालं. कागद बदलला, माणूस तोच. या धंद्याची रीतच ही होती, आणि पुढची प्रत्येक पायरी याच चालीची आहे.

टॉमस ज्या पेढीत शिरला, तिचा जुना मालक डेव्हिडसन १८२४ मध्ये बाहेर पडला आणि पेढीचं नाव 'डेंट आणि कंपनी' झालं. पुढे लॅन्सलॉट आणि विल्किन्सन हे भाऊही आले. १८३० नंतर टॉमस मायदेशी गेला आणि सूत्रं लॅन्सलॉटच्या हातात आली. तेव्हा तो तिशी ओलांडत होता.

माल कुणाचा?

आपल्याकडे बाजार समितीत कांदा विकायला नेला की अडत्या भेटतो. कांदा त्याचा नसतो. तो शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देतो, तोलाई-हमाली धरतो, आपली अडत कापतो आणि पट्टी हातात ठेवतो. भाव पडला तर बुडतो शेतकरी. कांदा सडका निघाला तरी अडत्या म्हणणार, मी काय पिकवलाय?

डेंटची पेढी मुख्यतः हेच करत होती. कलकत्ता-मुंबईचे व्यापारी माल पाठवत, डेंट तो कँटनमध्ये विकून देई आणि अफूवर साधारण शेकडा तीन या दराने अडत घेई. शिवाय विक्रीचे पैसे परत पाठवायचे वेगळे, विम्याचे वेगळे. अशा पेढ्या स्वतःच्या खात्यावरही माल घेऊन सट्टा खेळत, पण दर वर्षी हमखास पदरात पडे ती अडतच. जहाज बुडो, भाव पडो, अडत सुटत नसे.

आता ही साखळी पहिल्या कडीपासून बघा. बंगाल-बिहारमध्ये अफूचा मक्ता कंपनीचा. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन पीक घ्यायचं, पाटणा आणि गाझीपूरच्या कोठ्यांत त्याचे गोळे करायचे, आंब्याच्या लाकडाच्या पेटीत एकेक करून चाळीस गोळे भरायचे आणि कलकत्त्याला जाहीर लिलाव करायचा. हातोडा पडला की कंपनीचा संबंध संपला. कंपनी आपल्या जहाजांतून अफूची एक वडीही चीनला नेऊ देत नसे. बंदी असलेला माल आम्ही नेत नाही, असं ती चिनी सरकारला तोंड वर करून सांगू शके, आणि ते खोटं नव्हतं.

लिलावात घेणारा खासगी व्यापारी तो माल डेंटच्या नावाने रवाना करी. पण डेंटही पेट्या कँटनला आणत नसे. कँटनच्या नदीच्या मुखाशी लिंटिन नावाचं बेट आहे. तिथे जुनी, डोलकाठ्या उतरवलेली जहाजं कायमची नांगरून ठेवली होती, म्हणजे पाण्यावरची गोदामंच. पेट्या तिथे उतरत. कँटनच्या पेढीत चिनी गिऱ्हाईक येई, चांदी मोजून देई आणि एक चिठ्ठी घेऊन जाई. ती चिठ्ठी घेऊन पन्नास-साठ वल्ह्यांची होडी रातोरात लिंटिनला जाई, चिठ्ठी दाखवून पेट्या उचलून नेई. किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांना पेटीमागे ठरलेला हप्ता असे. म्हणजे डेंटच्या कचेरीत अफू दिसतच नसे. दिसे ती चांदी, वह्या आणि चिठ्ठ्या. चीनमध्ये चोरटा माल नेणारे शेवटी चिनीच, आम्ही तर समुद्रावर विकतो, हे तिथल्या इंग्रजांचं ठरलेलं उत्तर होतं.

मला विचाराल तर या धंद्यातली खरी कारागिरी ही आहे. प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा तेवढाच तुकडा येतो, जेवढा दिवाणखान्यात सांगता येईल.

चांदी, हुंडी आणि चहा

एवढा खटाटोप कशासाठी? चहासाठी.

इंग्रजांना चहाचं वेड लागलं होतं आणि तेव्हा तो मिळायचा फक्त चीनमध्ये. चिनी लोकांना मात्र इंग्लंडचं लोकरी कापड वगैरे फारसं नको होतं. चहाचे पैसे द्यायचे तर चांदीत. जहाजं भरभरून चांदी द्यायची कुठून? हिंदुस्थानातला कापूस थोडी भर घाली. बाकीचं भगदाड अफूने बुजवलं.

डेंटच्या पेढीत अफूची चांदी जमली की ती मायदेशी किंवा कलकत्त्याला पाठवायचा धोका तो पत्करत नसे. ती तो कँटनमधल्या कंपनीच्या खजिन्यात भरी आणि बदल्यात लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घेई. हुंडी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या पेढ्यांचा व्यवहार शतकानुशतकं त्यावरच चालला. कंपनीला चहा घ्यायला चांदी हवी, ती तिला चीनमध्येच मिळाली. डेंटला पैसा हिंदुस्थानात हवा, तो कागदावर गेला. कंपनीने चहा लंडनला नेला, तिथे सरकारने त्यावर जबर कर बसवला. ब्रिटिश तिजोरीच्या उत्पन्नाचा जवळपास दहावा हिस्सा त्या एका करातून येई. पाटण्याच्या गोळ्याची कँटनला चांदी झाली, चांदीचा चहा झाला आणि चहाचा लंडनमध्ये सरकारी पगार झाला. अफूला विरोध करणारा लंडनमधला पाद्रीसुद्धा सकाळी हातात कप घेऊनच विरोध करत होता.

चीनच्या बाजूने हिशोब उलटा बसला. १८२० च्या आधी तिथे वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात. १८३८ पर्यंत तो आकडा पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात गेला. आता चांदी देशात यायची थांबून बाहेर चालली. चिनी शेतकरी कमवायचा तांब्याच्या नाण्यांत, पण त्याचा सारा ठरायचा चांदीत. चांदी दुर्मिळ झाली तशी महागली, म्हणजे कुणी कर वाढवला नाही तरी शेतकऱ्याचा कर वाढला. ज्याने अफूचा वासही घेतला नव्हता, तोही असा अफूपायी बुडत होता. व्यसनाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण बादशहाची झोप उडवली ती मुख्यतः या चांदीने.

शिंदे-होळकरांचा मुलूख

इथे आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. बंगालची अफू कंपनीच्या मुठीत होती, पण माळव्याची नव्हती. उज्जैन, मंदसौर, इंदूर हा सगळा पट्टा शिंदे-होळकरांच्या राज्यात. १८१८ मध्ये मराठ्यांचा पाडाव झाल्यावरही ही संस्थानं आपापल्या जागी राहिली आणि त्यांच्या रयतेने काय पिकवावं हे कंपनी सरळ सांगू शकत नव्हती. माळव्याची अफू स्वस्त होती आणि चीनमध्ये तिला गिऱ्हाईकही होतं.

कंपनीने आधी सगळा माल स्वतःच विकत घेऊन बघितला. जमलं नाही, जितका जास्त भाव दिला, तितकं पीक वाढलं. मग मुंबईची वाट रोखून बघितली. व्यापाऱ्यांनी उंट हाकले राजपुतान्याच्या वाळवंटातून, पालीवरून थेट सिंधमध्ये कराचीला, आणि तिथून समुद्रमार्गे दमणला. दमण पोर्तुगीजांचं, तिथे कंपनीचा कायदा चालत नव्हता. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपणा केला: पेटीमागे १७५ रुपये भरा, परवाना घ्या आणि खुशाल मुंबईहून माल पाठवा. तरीही पुष्कळ माल दमणला जातच राहिला, तेव्हा १८३५ मध्ये दर १२५ वर आणला. पुढे १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली. लगेच दर २०० झाला, मग ३००, आणि १८४७ मध्ये ४००. म्हणजे ही जकात ठरवत होतं कोण? कराचीच्या वाटेचं उंटभाडं. चोरवाट जितकी महाग, सरकारी परवाना त्याहून जरा स्वस्त. ती वाटच उरली नाही, तेव्हा हवा तो दर.

या व्यापारात मुंबईचे पारशी, गुजराती, मारवाडी सगळे होते. मूळ गोव्याचे रोजेरियो द फारिया होते. सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. कँटनमधली त्यांची मुख्य अडत डेंटकडे नव्हती, तर डेंटच्या कट्टर स्पर्धकाकडे, जार्डिन-मॅथेसनकडे होती. जे. जे. रुग्णालयाच्या वाटेने जाताना हे आठवतं. त्या इमारतीमागची दानत खरी आणि तो पैसा कुठून आला तेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

जार्डिन आणि डेंट यांचं कधी पटलं नाही. कँटनमध्ये परदेश्यांची वस्ती ती किती? नदीकाठी तेरा वखारींची एक ओळ, समोर थोडी मोकळी जागा, बायकांना यायची मनाई, शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकायची बंदी. व्यापाराचा मोसम संपला की सगळ्यांनी मकावला जायचं, जे तेव्हा पोर्तुगीजांच्या गोवा सरकारच्या अखत्यारीत होतं. एवढ्याशा जागेत दोन गट आणि दोन वर्तमानपत्रं! 'कँटन रजिस्टर' जार्डिन-मॅथेसनच्या बाजूचं, तर 'कँटन प्रेस' डेंटच्या बाजूचं. १८३४ मध्ये कंपनीचा चीनमधला मक्ता संपला आणि लॉर्ड नेपियर हा सरकारी अधिकारी कँटनला आला. चिन्यांना तोफा दाखवल्याशिवाय ते वठणीवर येणार नाहीत, असं जार्डिनचं मत. सबुरीने घ्या, असं डेंटच्या गोटाचं. नेपियरने जार्डिनचं ऐकलं, फजिती करून घेतली आणि तापाने मकावला मरण पावला. गंमत बघा: जो त्यातल्या त्यात मवाळ, त्याच्यावरच पुढे अटकेची पाळी आली.

तीन दिवसांची मुदत

१८३८ च्या शेवटी दाओग्वांग बादशहाने लिन झेशू या अधिकाऱ्याला खास अधिकार देऊन कँटनला धाडलं. लिन हा लाच न खाणारा माणूस म्हणून नावाजलेला. त्याने बादशहाला लिहिलं होतं की हे असंच चाललं तर काही दशकांनी शत्रूशी लढायला शिपाई उरणार नाहीत आणि असलेल्यांना पगार द्यायला चांदी उरणार नाही.

१० मार्च १८३९ ला तो कँटनला पोचला. आठ दिवसांनी हुकूम निघाला: समुद्रावरच्या जहाजांवरची सगळी अफू तीन दिवसांत जमा करा, आणि पुन्हा आणणार नाही, आणल्यास देहदंड मान्य, असं लिहून द्या. व्यापाऱ्यांनी बैठक घेतली, वेळ काढला आणि हजाराच्या थोड्या वर पेट्या द्यायची तयारी दाखवली. तोंडाला पानं पुसायचा हा प्रकार लिनला तत्काळ कळला. त्याला म्होरक्या हवा होता. जार्डिन त्याच जानेवारीत इंग्लंडला निघून गेला होता. उरला डेंट. २२ मार्चला हुकूम आला: डेंटला शहरात हजर करा.

पुढच्या दिवसाचं दृश्य या सगळ्या कथेत मला सर्वांत जिवंत वाटतं. चीनमध्ये परदेश्यांशी व्यापार करायचा परवाना मोजक्या चिनी व्यापाऱ्यांना होता. त्यांना 'हाँग' व्यापारी म्हणत, आणि परदेशी माणूस चुकला तर जबाबदार धरत ते यांना. त्यांचा प्रमुख हौका. त्याची संपत्ती त्याच्याच अंदाजाने २ कोटी ६० लाख डॉलर. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्याची गणना होई. २३ तारखेच्या सकाळी हा हौका आणि मौका नावाचा दुसरा व्यापारी डेंटकडे आले, ते गळ्यात लोखंडी साखळ्या घालून. लिनने घालायला लावल्या होत्या. डेंट आला नाही तर आमचा जीव जाईल, असं ते गयावया करून सांगत होते. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं लाखोंचे सौदे केले, तो सत्तरीचा माणूस साखळी घालून समोर उभा.

डेंटने नकार दिला नाही, पण अट घातली: चोवीस तासांत सुखरूप परत सोडू, असं लिनच्या स्वतःच्या शिक्क्याचं पत्र द्या, मी येतो. पत्र मिळालं नाही. त्याच्याऐवजी त्याचा भागीदार इंग्लिस आणि आणखी काही जण जाऊन अधिकाऱ्यांना भेटून आले.

डेंट भ्याला का? त्याला कारण होतं. १७८४ मध्ये 'लेडी ह्यूज' नावाच्या जहाजाने सलामीची तोफ उडवली आणि त्यात दोन चिनी माणसं दगावली. फक्त चौकशी करायची म्हणून गोलंदाजाला चिनी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केलं आणि त्यांनी त्याला गळा आवळून मारलं. त्यानंतर आपला माणूस चिनी न्यायालयाच्या हाती द्यायचा नाही, ही गाठ परदेश्यांनी मारून ठेवली होती. तर लिनच्या बाजूने हे प्रकरण अगदी सरळ होतं: आमच्या देशात राहून आमचा कायदा मोडणाऱ्याला आम्ही बोलावतोय, त्यात हमीपत्र कसलं मागता? मला यात लिनचं म्हणणं जास्त पटतं, तरी त्या दिवशी डेंटच्या जागी असतो तर पत्र मीही मागितलं असतं.

२४ तारखेला, रविवारी संध्याकाळी, ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी कॅप्टन चार्ल्स इलियट मकावहून होडीने कँटनला आला. अंगात आरमाराचा पूर्ण गणवेश, डोक्यावर कडा वर दुमडलेली आरमारी टोपी. त्याने ब्रिटिश वखारीवर झेंडा चढवला, मग तडक डेंटच्या घरी जाऊन त्याला हाताला धरून चौकातून सगळ्यांदेखत आपल्या वखारीत आणलं. इलियटला अफूचा धंदा मनापासून आवडत नव्हता. पण डेंटचा हात धरला त्या क्षणी एका अडत्याचं प्रकरण ब्रिटिश सरकारचं झालं.

लिनने वखारींना वेढा घातला. सगळे चिनी नोकर एका रात्रीत निघून गेले. सुमारे साडेतीनशे परदेशी आत अडकले, त्यांत पारशीही होते. अन्न आत येत राहिलं, पण रांधणार कोण? लाखोंची उलाढाल करणारे शेट स्वतः झाडू मारत होते, भात करपवत होते, दगडासारखी अंडी उकडत होते. हा तुरुंगवास सहा आठवडे चालला, आणि त्याला छळ म्हणून लंडनमध्ये जे रंगवलं गेलं, त्याच्या मानाने तो फारच घरगुती होता.

पावती कुणाच्या नावाची?

२७ मार्चला इलियटने व्यापाऱ्यांना सांगितलं: ब्रिटिश सरकारच्या वतीने सगळी अफू माझ्या स्वाधीन करा, मी ती लिनला देतो.

हे वाक्य पुन्हा वाचा. व्यापाऱ्यांनी माल लिनला दिला असता तर तो चोरटा माल जप्त झाला असता, संपलं. त्यांनी तो दिला ब्रिटिश सरकारला. म्हणजे आता लिन नष्ट करणार होता ती ब्रिटिश सरकारची मालमत्ता, आणि तिची भरपाई ब्रिटिश सरकार देणं लागत होतं. कित्येक महिने कँटनचा बाजार ठप्प होता, पेट्यांना गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी सरकार अख्खा माल उचलतंय म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. हजार पेट्या देताना कुरकुरणाऱ्यांनी २०,२८३ चा आकडा दिला. सर्वांत जास्त पेट्या जार्डिन-मॅथेसनच्या ताब्यातल्या. त्यातल्या कितीतरी मालाचे खरे धनी मुंबईत बसले होते, आणि त्यांना हे कळायला महिना-दोन महिने लागणार होते.

लिनने ३ जूनपासून हूमेन इथे मोठे खड्डे खणून, त्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून ती अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली. जवळजवळ तीन आठवडे हे काम चाललं. आधी त्याने समुद्रदेवाची पूजा करून, पाण्यात घाण सोडतोय म्हणून माफी मागितली होती. तोपर्यंत डेंटसह सोळा व्यापाऱ्यांना पुन्हा चीनमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं बजावून हद्दपार केलं होतं.

पुढचं थोडक्यात. ब्रिटिश तिजोरीने भरपाई द्यायला हात वर केले, मग ती चीनकडून वसूल करायचं ठरलं. लंडनला पोचलेला जार्डिन मंत्र्यांच्या कानाशी होताच. एप्रिल १८४० मध्ये संसदेत सरकारवर ठपका ठेवणारा ठराव आला, तो अवघ्या नऊ मतांनी पडला. फौजा आणि जहाजं हिंदुस्थानातून गेली. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला, तो 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१३ मध्ये सागवानात बांधलेली. तहात चीनने २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे ठरले, त्यातले ६० लाख बुडालेल्या अफूचे. शिवाय हाँगकाँग द्यायचं आणि पाच बंदरं व्यापाराला खुली करायची. खुद्द अफूचा व्यापार कायदेशीर करावा की नाही, यावर तहात अक्षर नाही! ज्या मालासाठी लढाई झाली, तो तहानंतरही बेकायदाच राहिला आणि पूर्वीपेक्षा जास्त खपला.

व्यापाऱ्यांच्या हाती भरपाई पडली ती मागणीपेक्षा बरीच कमी, आणि तीही चार वर्षांनी. तोवर मुंबईतले काही जण कर्जात बुडाले. अडत्याचं नुकसान अर्थातच त्या मानाने कमी.

डेंटची पेढी हाँगकाँगला हलली. लॅन्सलॉट इंग्लंडला परतला. त्याने आणि विल्किन्सनने आपल्या गावाजवळ, मॉल्ड्स मीबर्नला, 'फ्लास' नावाचा इटालियन थाटाचा प्रशस्त वाडा बांधला. १८५३ मध्ये तो वारला. त्याच वर्षी इकडे मुंबईत मर्कंटाइल बँक निघाली, तिच्याकडे एका क्षणात वळू.

पेढी त्याच्यानंतर चौदा वर्षं चालली. १८६५ मध्ये हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी मिळून हाँगकाँग अँड शांघाय बँक काढली. पहिला अध्यक्ष फ्रान्सिस चोम्ली, डेंटच्या पेढीचा भागीदार. स्थापनेच्या समितीत पालनजी फ्रामजी आणि रुस्तमजी धनजीशा अशी दोन पारशी नावंही आहेत. जार्डिनवाले सुरुवातीला फिरकले नाहीत, कारण डेंटवाले आत होते. पुढच्याच वर्षी लंडनमधली ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली, तिच्या धक्क्याने जगभरच्या पेढ्या हलल्या आणि १८६७ मध्ये डेंट आणि कंपनीचं दिवाळं निघालं. जार्डिन-मॅथेसन आजही आहे.

बँकही आहे. तिने १९५९ मध्ये मुंबईची ती मर्कंटाइल बँक विकत घेतली. फोर्टात महात्मा गांधी रोडवर तिची दगडी इमारत आहे, आणि दारावरच्या पाटीवर फक्त एच.एस.बी.सी. अशी चार अक्षरं आहेत.